माझं मतदान केंद्र इथेच का? केंद्राची जागा कोण, कशी ठरवतं याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मतदानाच्या दिवशी दरवेळी त्याच तक्रारी कानावर येतात. केंद्र लांब गेलं, घरातल्या चौघांची नावं दोन शाळांत विभागली, आजीला जिना चढवेना, दोन तास रांग हललीच नाही. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ मतदानाच्या कितीतरी महिने आधी, तहसील कचेरीत तयार होणाऱ्या एका यादीत असतं. ती यादी कशी बनते आणि तिच्याबद्दल आपल्याला कधी बोलता येतं, हे मतदाराला माहीत असायलाच हवं. पुढची उत्तरं महाराष्ट्रातल्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांना धरून आहेत. महापालिका, जिल्हा परिषद वगैरेंचा कारभार वेगळा आहे, तो स्वतंत्र प्रश्नात घेतला आहे.

केंद्राची जागा नेमकी कोण ठरवतं?

कायद्याने हे काम जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याचं आहे, म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांचं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २५ नुसार त्यांनी निवडणूक आयोगाची पूर्वमान्यता घेऊन पुरेशी मतदान केंद्रं द्यायची आणि कोणतं केंद्र कोणत्या वस्तीसाठी आहे याची यादी प्रसिद्ध करायची. मुंबईत २०२४ च्या विधानसभा निवडणुकीला ही जबाबदारी महापालिका आयुक्तांकडे होती.

सही कलेक्टरांची असली तरी जागेची निवड खालून वर जाते. सुरुवात बीएलओपासून होते. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. ही मंडळी बहुधा प्राथमिक शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक किंवा पालिकेचे कर्मचारी असतात. खोलीला दारं किती, वीज आहे का, पाणी येतं का, शौचालय वापरण्याजोगं आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन बघायचं काम त्यांचं. तिथून कागद तहसीलदारांकडे, मग मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे (गावाकडे हे बहुतेक वेळा प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी असतात), पुढे जिल्हाधिकारी, मुंबईतले राज्याचे मुख्य निवडणूक अधिकारी आणि शेवटी दिल्लीत आयोग. ‘अमक्या आमदारांनी गावात केंद्र आणलं’ असं पारावर बोललं जातं. आमदार-खासदारांना आणि पक्षांना सूचना जरूर करता येतात, त्यासाठी बैठकाही होतात. पण मंजुरी याच वाटेने येते.

या सगळ्यात बीएलओचं म्हणणं सर्वांत मोलाचं आहे असं मला मनापासून वाटतं. कोणत्या वाडीतल्या बायका कोणत्या रस्त्याने येतात, ओढ्याला पाणी कधी असतं, हे कलेक्टर कचेरीतल्या नकाशावर दिसत नाही. बीएलओने लिहिलेली चार ओळींची टिपणी वरच्या टेबलावर खरोखर वाचली गेली, तर निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत.

सगळीकडे शाळाच का?

शाळा सरकारी किंवा अनुदानित असते, गावातल्या प्रत्येकाला ती माहीत असते, बाकं-टेबलं तिथेच मिळतात, आवाराला कुंपण असतं आणि एका ठिकाणी चार-सहा खोल्या सापडतात. आयोगाचा पहिला आग्रह सरकारी किंवा निमसरकारी इमारतीचा असतो, आणि आपल्या राज्यात खेडोपाडी पोचलेली अशी इमारत म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. शाळा नसेल किंवा पुरत नसेल तर ग्रामपंचायत कार्यालय, अंगणवाडी, समाजमंदिर, पालिकेचं सभागृह असे पर्याय पाहतात.

खोली शक्यतो २० चौरस मीटरपेक्षा लहान नसावी आणि आत येण्या-जाण्याची दारं वेगळी असावीत, असं अपेक्षित आहे. का, ते खोलीत काय काय मावावं लागतं हे पाहिलं की कळतं. केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी, उमेदवारांचे प्रतिनिधी, त्यांची टेबलं, मतदान यंत्राचा पुठ्ठ्याचा आडोसा, आणि येणारे-जाणारे मतदार. आडोसा खिडकीजवळ ठेवता येत नाही, कारण बाहेरून कुणाला बटण दिसता कामा नये. दहा बाय दहा फुटांच्या अंगणवाडीत हे सगळं बसवायचं म्हणजे गुप्ततेवर पाणी सोडावं लागतं. शिवाय मतदान पथक आदल्या दिवशी यंत्रं घेऊन येतं आणि बहुतेक ठिकाणी रात्री तिथेच मुक्कामाला असतं. महिला कर्मचारीही असतात. शौचालयाला कडी नसलेली शाळा ही त्यांच्यासाठी किरकोळ अडचण नसते.

शाळेचं छप्पर गळतं, फरशी उखडली आहे, हे मतदानाच्या निमित्ताने कागदावर येतं आणि कधी कधी दुरुस्तही होतं. मुलांना तेवढाच फायदा.

कोणत्या जागा चालत नाहीत?

पोलीस ठाणं, रुग्णालय, दवाखाना, आणि देऊळ, मशीद, चर्च किंवा धार्मिक महत्त्वाची कोणतीही जागा. त्यामुळे देवळाचा सभामंडप कितीही ऐसपैस आणि सावलीचा असला तरी तिथे केंद्र देत नाहीत. समाजमंदिर हे सार्वजनिक सभागृह असेल तर चालतं. केंद्रापासून २०० मीटरच्या आत राजकीय पक्षाचं कार्यालय नसावं, हीदेखील जागा निवडतानाची अट आहे. वरच्या मजल्यावरची खोली टाळायची आणि केंद्र तळमजल्यावरच द्यायचं, असा नियम आहे.

खासगी इमारत घेतात का? मालक नाही म्हणाला तर?

सरकारी किंवा निमसरकारी जागा मिळतच नसेल तरच. मालकाची संमती घेतात. गरज पडली तर १९५१ च्या कायद्याच्या कलम १६० खाली मतदान केंद्रासाठी इमारत अधिग्रहित करता येते आणि कलम १६१ प्रमाणे मालकाला त्या भागातलं भाडं लक्षात घेऊन मोबदला द्यावा लागतो. प्रत्यक्षात ही वेळ क्वचित येते.

एका केंद्रावर किती मतदार असू शकतात?

इथे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण रांगेचं गणित इथेच ठरतं.

बरीच वर्षं एका केंद्रावर जास्तीत जास्त १,५०० मतदार अशी मर्यादा होती. २०२५ मध्ये आयोगाने ती १,२०० वर आणली. त्याचा पहिला मोठा परिणाम बिहारमध्ये दिसला. तिथल्या मतदान केंद्रांची संख्या ७७,८९५ वरून ९०,७१२ झाली.

हा फरक मतदाराच्या दृष्टीने केवढा आहे ते हिशेब करून पाहा. सकाळी ७ ते संध्याकाळी ६ म्हणजे ११ तास, म्हणजेच ६६० मिनिटं. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला सुमारे ६६ टक्के मतदान झालं. तेवढंच मतदान धरलं तर १,५०० मतदारांच्या केंद्रावर ९९० लोक येणार, म्हणजे एकाच्या वाट्याला ४० सेकंद. १,२०० च्या केंद्रावर ७९२ लोक, म्हणजे ५० सेकंद. एवढ्या वेळात यादीत नाव शोधायचं, ओळखपत्र पाहायचं, बोटाला शाई लावायची, सही किंवा अंगठा घ्यायचा, बटण दाबायचं आणि व्हीव्हीपॅटची चिठ्ठी ७ सेकंद काचेमागे दिसू द्यायची. शिवाय लोक काही दिवसभर सारखे विभागून येत नाहीत. सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी शेवटच्या दोन तासांत झुंबड उडते. रांग लांबते ती याच वेळांत.

राज्यात त्या निवडणुकीत १,००,१८६ मतदान केंद्रं होती आणि दर केंद्रामागे सरासरी ९६० मतदार येत होते. सरासरी बरी दिसते, पण तिच्यात पाड्यावरचं दोनशे मतदारांचं केंद्र आणि उपनगरातलं काठोकाठ भरलेलं केंद्र एकत्र मोजलेलं असतं. माझं म्हणणं असं की मर्यादा ठरवताना मतदारांच्या संख्येइतकाच त्या केंद्रावरचा नेहमीचा गर्दीचा तास पाहिला पाहिजे. मतदानाची तासवार आकडेवारी निवडणूक शाखेकडे असतेच.

मग एकाच शाळेत आठ-दहा केंद्रं का?

कारण मतदान केंद्र आणि त्याची इमारत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मतदारयादीच्या एका भागासाठी एक केंद्र, आणि एका इमारतीत अशी अनेक केंद्रं असू शकतात. वर सांगितलेली १,००,१८६ केंद्रं ५२,७८९ ठिकाणी होती. गावात एका शाळेत एक-दोन केंद्रं असतात, तर शहरातल्या मोठ्या शाळेत ती सहज दहाच्या घरात जातात.

इथेच शहरांची पंचाईत होते. प्रत्येक केंद्र मर्यादेत असतं, पण एका फाटकातून दिवसभरात हजारो माणसं आत-बाहेर करतात. २० मे २०२४ ला लोकसभेच्या पाचव्या टप्प्यात मुंबईसह राज्यातल्या १३ जागांवर मतदान झालं. मुंबई-ठाण्यात लोक भर उन्हात तासन्‌तास उभे राहिले, काही जण मत न देताच परत गेले. सावली नाही, बसायला जागा नाही, आपली खोली कोणती हे सांगायला कुणी नाही, या तक्रारी सगळीकडून आल्या. त्यानंतर विधानसभेच्या आधी मुंबईतल्या केंद्रांची नव्याने मांडणी झाली. एकाच ठिकाणी दाटलेली केंद्रं आजूबाजूला विभागली गेली, मतदारांना बसण्याची, सावलीची आणि पाण्याची सोय करण्याच्या सूचना निघाल्या. हे आधीच करता आलं असतं. त्या उन्हात परत गेलेल्या मतदाराला पुढच्या वेळची सोय पुरेशी नाही, कारण त्याचं ते मत कायमचं गेलं.

मतदार मर्यादेपेक्षा वाढले तर?

आधी जवळच्या, शक्यतो त्याच इमारतीतल्या कमी मतदारांच्या केंद्राकडे काही वस्ती वळवतात. तेही जमलं नाही तर नवं केंद्र किंवा त्याच आवारात साहाय्यकारी केंद्र देतात. या सगळ्या फेरमांडणीला कचेरीच्या भाषेत सुसूत्रीकरण म्हणतात.

एकाच घरातल्या माणसांची केंद्रं वेगवेगळी का?

हे होऊ नये असा स्पष्ट निर्देश आहे. एका कुटुंबाची नावं यादीच्या एकाच भागात, आणि जमेल तर एका इमारतीतल्या रहिवाशांची नावं सलग असावीत. तरी फाटाफूट होते. मुलाने नव्या अर्जात पत्ता वेगळ्या तऱ्हेने लिहिला, लग्नानंतर सुनेचं नाव दुसऱ्या भागात गेलं, पुनर्विकासात चाळ पाडली आणि अर्धी कुटुंबं संक्रमण शिबिराच्या पत्त्यावर नोंदली गेली, अशी बहुतेक कारणं असतात. यावर उपाय नमुना ८ चा अर्ज. पत्त्यातला बदल किंवा दुरुस्ती त्यातूनच होते. अर्जासोबत घरातल्या दुसऱ्या माणसाचा ओळखपत्र क्रमांक द्या, म्हणजे नाव त्याच भागात बसवणं सोपं जातं.

केंद्र घरापासून किती लांब असू शकतं?

कोणत्याही मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त जावं लागू नये, असा दंडक आहे. विरळ वस्तीच्या आणि डोंगराळ भागात अपवाद होतात. ३०० हून अधिक मतदार असलेल्या गावात योग्य इमारत असेल तर गावातच केंद्र द्यावं, असंही धोरण आहे. दुर्बल घटकांची वस्ती वेगळी असेल, तर मतदार थोडे असूनही तिथे केंद्र देता येतं. त्यामागे कारण आहे. दुसऱ्या वस्तीतून चालत जाऊन मत द्यायला लोकांना भीती किंवा दडपण वाटत असेल, तर ते अंतर किलोमीटरात मोजून कळत नाही.

नदी, डोंगर, खाडी ओलांडावी लागू नये हेही पाहायचं असतं. कोकणातली वाडी नकाशावर शाळेपासून किलोमीटरभर दिसते आणि मध्ये खाडी असते, मग वळसा पाच किलोमीटरचा. मुंबईत रेल्वेचे रूळ हेच काम करतात. म्हणून अंतर पायवाटेने मोजून घेण्याचा आग्रह धरा. हरकतीत ‘केंद्र लांब आहे’ एवढंच लिहू नका. कोणत्या रस्त्याने किती चालावं लागतं ते लिहा.

दुर्गम भागात व्यवस्था किती लांबवर हात पोचवते याचं आपल्याकडचं उदाहरण नंदुरबार जिल्ह्यात आहे. अक्कलकुवा हा विधानसभेचा क्रमांक एकचा मतदारसंघ, आणि नर्मदेकाठचं मणिबेली हे त्यातलं पहिलं केंद्र. सरदार सरोवराचं पाणी पसरल्यामुळे तिथे मतदान पथक यंत्रं घेऊन बोटीने जातं. शेजारच्या गुजरातमध्ये गीरच्या जंगलातल्या बाणेज इथे एका मतदारासाठी केंद्र मांडलं जात आलं आहे. मला या गोष्टींचा अभिमान वाटतो. आणि म्हणूनच, शहरालगतच्या एखाद्या वस्तीला ‘संख्या कमी आहे, शेजारच्या गावात जा’ असं उत्तर मिळतं तेव्हा ते पटत नाही.

गडचिरोलीत केंद्रं का हलवतात?

सुरक्षेसाठी. नक्षलग्रस्त भागात काही केंद्रं पोलीस ठाणी किंवा मदत केंद्रांच्या जवळच्या गावात नेली जातात, पथकं हेलिकॉप्टरने पोचवली जातात आणि मतदानाची वेळही लवकर संपते. एप्रिल २०२४ मध्ये गडचिरोली-चिमूर मतदारसंघाच्या बऱ्याच भागात मतदान दुपारी ३ वाजताच थांबलं. पथकाला अंधाराच्या आत परतता यावं हा हेतू. याची किंमत मतदाराला चालून मोजावी लागते. तरीही तिथल्या आदिवासी गावांत रांगा लागतात. परिस्थिती निवळत जाईल तशी हलवलेली केंद्रं मूळ गावी परत न्यायला हवीत, आणि प्रत्येक निवडणुकीआधी त्याचा आढावा व्हायला हवा.

आमच्या सोसायटीत केंद्र मिळेल का?

मिळू शकतं. मोठ्या गृहसंकुलांत आणि उंच इमारतींत केंद्रं देण्याचं धोरण आहे. २०२४ च्या विधानसभेला मुंबई, ठाणे, पुण्यात अशी केंद्रं दिली गेली. मतदारांची पुरेशी संख्या, तळमजल्यावर सभागृह किंवा मोकळी जागा आणि सोसायटीची तयारी लागते. एक गोष्ट आधीच समजून घ्या. तिथे शेजारच्या वस्तीतले मतदारही येऊ शकतात, आणि त्या दिवशी फाटक सगळ्यांना सारखं उघडं ठेवावं लागतं. पहारेकऱ्याने वहीत नाव लिहायला लावून अडवणं चालणार नाही. ज्या सोसायटीला हे मान्य नसेल तिने मागणी करू नये.

वृद्ध आणि दिव्यांगांसाठी काय सोय असते?

रॅम्प, पिण्याचं पाणी, शौचालय, उजेड, सावली, दिशादर्शक फलक आणि मदत कक्ष या किमान सोयी प्रत्येक केंद्रावर असायलाच हव्यात. दिव्यांगांना व्हीलचेअरची मागणी ‘सक्षम’ ॲपवरून आधी नोंदवता येते. ८५ वर्षांवरचे मतदार आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेले मतदार घरून मत देऊ शकतात. त्यासाठी नमुना १२-ड चा अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. ही मुदत फार लवकर उलटते, आणि घरच्यांना ती आठवते तेव्हा प्रचार रंगात आलेला असतो. आपल्या भागाच्या बीएलओचा फोन नंबर हाताशी ठेवा.

रॅम्पबद्दल एक विनंती. लाकडी फळी टेकवली की रॅम्प झाला असं नसतं. चढ इतका उभा असतो की चाकाची खुर्ची मागे घसरते. शाळेच्या पायऱ्यांना पक्का, सौम्य उताराचा रॅम्प एकदा बांधला तर तो शाळेतल्या दिव्यांग मुलालाही रोज उपयोगी पडतो. ग्रामपंचायतींनी हे निवडणुकीची वाट न पाहता करावं.

केंद्र एखाद्या पक्षाच्या सोयीने हलवता येतं का?

तसा संशय गावोगाव असतो, म्हणूनच प्रक्रियेत काही अडसर आहेत. यादीचा मसुदा मान्यताप्राप्त पक्षांना दिला जातो, त्यांच्यासोबत बैठक होते. एकदा आयोगाने यादी मंजूर केली की जिल्हाधिकाऱ्यांनाही ती स्वतःच्या अधिकारात बदलता येत नाही, पुन्हा आयोगाकडे जावं लागतं. बदल झालाच तर उमेदवारांना कळवावं लागतं. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार करणं हा कलम १३० खाली गुन्हा आहे. उमेदवारांची चिठ्ठ्या देणारी टेबलं पूर्वी २०० मीटरच्या बाहेर लागायची. २०२५ मध्ये आयोगाने ते अंतर १०० मीटर केलं.

पण हे अडसर कुणी लक्ष ठेवलं तरच कामाला येतात. बैठकीला पक्षांकडून अनेकदा कुणी जात नाही, गेलं तर सही करून परततं. मसुदा न वाचता सही करणारा कार्यकर्ता नंतर माइकवरून केंद्राबद्दल तक्रार करतो, तेव्हा त्याला त्या सहीची आठवण मतदारांनीच करून द्यावी.

केंद्र बदलून हवं असेल तर काय करावं?

पहिली गोष्ट म्हणजे वेळ साधा. मतदारयादीच्या वार्षिक पुनरीक्षणाआधी केंद्रांची तपासणी होते आणि प्रारूप यादी मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या व तहसील कार्यालयात लावून हरकती-सूचना मागवल्या जातात. बहुतेक वर्षी हे पावसाळ्याच्या शेवटी, दिवाळीच्या आधी होतं. मुदत थोडी असते. निवडणूक जाहीर झाल्यावर दिलेला अर्ज बहुधा पुढच्या वर्षासाठी ठेवला जातो, आणि ते अधिकाऱ्याच्या आडमुठेपणामुळेच असतं असं नाही. यंत्रांची वाटणी, कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, बसचे मार्ग, बंदोबस्त हे सगळं मंजूर यादीवर बेतलेलं असतं.

अर्ज साध्या कागदावर मराठीत चालतो. मतदारसंघाचं नाव, यादी भाग क्रमांक, सध्याच्या केंद्राची इमारत, तिथे नेमकी अडचण काय, किती मतदारांना ती भोगावी लागते, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पर्यायी इमारत कोणती, हे लिहा. पर्याय न सुचवणारा अर्ज फायलीत पडून राहतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. सुचवलेल्या जागेचे फोटो जोडा, दारं आणि तळमजला दिसेल असे. जमलं तर ग्रामसभेचा ठराव घ्या. कायद्याने तो बंधनकारक नाही, पण गावाचं एकमत आहे हे त्यातून कळतं, आणि एका गटाची मागणी म्हणून अर्ज बाजूला पडत नाही. सह्या घेताना वस्तीतल्या बायकांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या आवर्जून घ्या. लांबच्या केंद्राचा फटका त्यांनाच सर्वांत जास्त बसतो. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

केंद्रासाठी मतदानावर बहिष्कार टाकल्याच्या बातम्या येतात. गावाचा राग समजतो. तरी बहिष्काराच्या आधी पोच घेतलेला अर्ज आणि ठराव हातात असू द्या, म्हणजे प्रशासनाला ‘आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं’ असं म्हणता येणार नाही.

महापालिकेला आणि जिल्हा परिषदेला माझं केंद्र वेगळं का येतं?

कारण त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-ट आणि २४३-यक खाली ही वेगळी यंत्रणा आहे, आणि महाराष्ट्रात ती १९९४ पासून काम करते. मतदारयादी विधानसभेचीच वापरतात, पण ती प्रभाग, गट, गणांप्रमाणे फोडली जाते. प्रभागाची हद्द तुमच्या गल्लीच्या मधून गेली तर समोरच्या घराचं केंद्र वेगळं होतं.

दुसरं कारण वेळेचं. मुंबईत मतदार एकच नगरसेवक निवडतो, पण इतर बहुतेक महापालिकांत बहुसदस्यीय प्रभागामुळे एकेकाला चार मतं द्यावी लागतात. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची दोन मतं एकाच वेळी असतात. वेळ जास्त लागतो म्हणून केंद्रांची मांडणीही बदलावी लागते. तुमची सवय विधानसभेच्या केंद्राची असेल तर या निवडणुकांत नव्याने पत्ता पाहूनच निघा.

मी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात किंवा परदेशात आहे. माझं केंद्र कुठे?

जिथे नाव नोंदलं आहे तिथेच. ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या मजुराचं केंद्र त्याच्या गावच्या शाळेतच राहतं. बाहेरगावी असलेल्यांना तिथूनच मत देता यावं म्हणून आयोगाने १६ जानेवारी २०२३ ला पक्षांना एक यंत्र दाखवलं होतं, पण ते वापरात आलं नाही. भारताचं नागरिकत्व ठेवून परदेशात राहणाऱ्यांना नमुना ६-अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या भागात नाव नोंदवता येतं, मात्र मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन त्या केंद्रावर स्वतः यावं लागतं. दूतावासात मतदान केंद्र नसतं.

ऐन वेळी इमारत वापरता येईनाशी झाली तर?

पूर आला, छप्पर उडालं, तर जिल्हा निवडणूक अधिकारी आयोगाच्या परवानगीने दुसरी जागा देतात. उमेदवारांना लेखी कळवतात, जुन्या जागेवर सूचना लावतात, गावात दवंडी देतात. मतदान चालू असताना दंगल, हिंसाचार किंवा नैसर्गिक आपत्तीमुळे पुढे जाणं अशक्य झालं, तर कलम ५७ खाली मतदान तहकूब होतं आणि पुढची तारीख व जागा नंतर जाहीर होते. केंद्राध्यक्षाने स्वतःच यंत्र उचलून शेजारच्या इमारतीत नेणं, असं कधीही चालत नाही.

वेळ संपली आणि मी अजून रांगेत असेन तर?

वेळ संपायच्या क्षणी जे रांगेत उभे आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं. केंद्राध्यक्ष रांगेच्या शेवटापासून पुढे क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. रांग सोडू नका.

माझं केंद्र कुठे आहे हे कसं शोधायचं?

१९५० या हेल्पलाइनवर ओळखपत्र क्रमांक सांगून, आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर किंवा ॲपवर, किंवा थेट बीएलओला विचारून. मतदानाआधी घरी येणाऱ्या मतदार चिठ्ठीवरही केंद्राचा पत्ता असतो. ती चिठ्ठी २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे मतदार ओळखपत्र किंवा आयोगाने मान्य केलेलं दुसरं छायाचित्र असलेलं ओळखपत्र सोबत हवंच. यादी भाग क्रमांक आणि भागातला अनुक्रमांक कागदावर लिहून घ्या. प्रत्येक केंद्राबाहेर ते कोणत्या वस्तीसाठी आहे याची सूचना लावलेली असते. रांगेत उभं राहण्याआधी ती वाचा, कारण दहा खोल्यांच्या शाळेत चुकीच्या दारापाशी तासभर उभे राहिलेले लोक दर निवडणुकीत भेटतात.